वकिलाची फी आणि दाव्याचा खर्च : पक्षकाराच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

वकिलाने सांगितलेली फी म्हणजेच दाव्याचा खर्च, असा सर्वसामान्य पक्षकाराचा समज असतो. वस्तुतः फी हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असून तो खर्च दाव्याच्या टप्प्यांनुसार व कालावधीनुसार वाढत जातो. फी आकारणीच्या पद्धती, तिच्यावरील कायदेशीर मर्यादा, इतर खर्च, खर्चाची वसुली आणि विधी साहाय्याची तरतूद यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. फीविषयी आरंभीच लेखी स्पष्टता असणे हाच पक्षकाराच्या हिताचा मुख्य उपाय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी समाजात पिढ्यान् पिढ्या रूढ आहे. या म्हणीमागे विलंबाचा अनुभव जितका आहे, तितकीच खर्चाची धास्तीही आहे. या धास्तीमुळे काही जण न्याय्य हक्कही सोडून देतात. याउलट काही जण खर्चाचा कोणताही अंदाज न घेता दावा दाखल करतात आणि पैसा संपला की तारखांना जाणे थांबवितात. वादी गैरहजर राहिल्यास दावा काढून टाकला जाऊ शकतो. अशा वेळी दिलेली फी, गेलेली वर्षे आणि मूळ हक्क, तिन्ही गमावण्याची पाळी येते.

महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक महत्त्व आहे. तालुक्याच्या ठिकाणी नोटीस हाती पडलेला पालक किंवा शेजारी पुष्कळदा प्रथम शिक्षकाकडेच येतो. शिवाय सेवासमाप्तीसारख्या प्रसंगी शिक्षक स्वतःही पक्षकार होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये त्याला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. तेथे मुदत अल्प असल्याने वकिलाची निवड घाईने होते आणि फीची चर्चा मागे पडते.

फी ठरविण्याचे स्वातंत्र्य व त्यावरील मर्यादा

वकिलाने पक्षकाराकडून किती फी घ्यावी, याची सरसकट कमाल मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली नाही. वकिलाचा अनुभव, प्रकरणाचे स्वरूप, न्यायालयाचा दर्जा आणि लागणारा वेळ यांवर ती अवलंबून असते. मात्र हे स्वातंत्र्य अनिर्बंध नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने व्यावसायिक वर्तनाचे नियम केले आहेत. वकिलाने आपली व्यावसायिक प्रतिष्ठा व प्रकरणाचे स्वरूप यांच्याशी सुसंगत फी घ्यावी, अशी त्यांत अपेक्षा आहे. त्याचप्रमाणे दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरविणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्याचा करार करणे या नियमांनी निषिद्ध आहे.

'आता काही देऊ नका, भरपाई मिळाली की त्यातून टक्के द्या' हा प्रस्ताव अपघात नुकसानभरपाईच्या वा भूसंपादनाच्या प्रकरणांत ऐकू येतो. हाती पैसा नसलेल्या कुटुंबाला तो सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तेलंगणातील एका प्रकरणात दिलेला निर्णय उद्बोधक आहे. रस्ते अपघातात पती गमावलेल्या महिलेने नुकसानभरपाई मिळाल्यानंतर दहा लाख रुपये फी दिली होती. तरीही आणखी तीन लाखांचा धनादेश तिच्याकडून घेण्यात आला आणि तो न वटल्याने तिच्यावर फौजदारी कारवाई करण्यात आली. भरपाईच्या टक्केवारीवर आधारलेली अशी फी लोकनीतीच्या विरुद्ध आहे, असे सांगून न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. वकिलांच्या फीचे नियमन करणाऱ्या कायद्याची गरजही त्या निर्णयात व्यक्त झाली.

फी आकारणीच्या पद्धती

व्यवहारात प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात. पहिली ठोक फीची, दुसरी दर तारखेच्या फीची व तिसरी टप्प्यांनुसार फीची. त्यांतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, वडिलोपार्जित घराच्या वाटपाच्या दाव्यासाठी वकिलाने दोन पर्याय दिले : ठोक ४०,००० रुपये, अथवा आरंभी १०,००० रुपये व प्रत्येक तारखेस ५०० रुपये. वर्षाला १२ तारखा धरल्यास दुसऱ्या पर्यायाचा खर्च तडजोड होऊन एका वर्षात दावा मिटल्यास १६,००० रुपये, पाच वर्षे चालल्यास ४०,००० रुपये आणि आठ वर्षे चालल्यास ५८,००० रुपये होईल. म्हणजेच कोणता पर्याय स्वस्त, याचे उत्तर फीच्या आकड्यात नसून दावा किती चालेल यात आहे. तडजोडीची शक्यता असेल तेथे तारखेची फी परवडते, तर प्रतिवादी वेळकाढूपणा करणारा असेल तेथे ठोक फी सोयीची ठरते.

तथापि ठोक फीतही 'ठोक' म्हणजे कोठपर्यंत, हा प्रश्न उरतोच. वाटपाच्या दाव्यात प्रथम प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात हिस्से ठरतात, प्रत्यक्ष ताबा मिळत नाही. त्यानंतर कोर्ट कमिशनरकडून पाहणी आणि अंतिम हुकूमनामा होतो, व गरज पडल्यास दरखास्त दाखल करावी लागते. ठरलेली फी यांपैकी कोणत्या टप्प्यापर्यंत आहे, तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज तीत धरला आहे काय, हे विचारले नाही, तर पुढे प्रत्येक वळणावर नवी मागणी उभी राहते. पक्षकाराला ती फसवणूक वाटते आणि वकिलाला ते नवे काम वाटते. अनेक वादांचे मूळ या गैरसमजातच असते.

फीव्यतिरिक्त खर्च

दाव्याच्या मूल्यांकनानुसार किंवा प्रकारानुसार न्यायालय फी भरावी लागते. तिच्या जोडीला वकीलपत्रावरील मुद्रांक, समन्स बजावणीचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, नकलांची फी, टंकलेखन व झेरॉक्स, मालमत्तेच्या नोंदींचा शोध, कमिशनरचे शुल्क आणि तज्ज्ञाचा मोबदला हे खर्च येतात. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यास बाहेरगावच्या पक्षकारास प्रवास व निवास यांचाही भार सोसावा लागतो. याखेरीज प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी किंवा खर्ची पडणारी रजा हा खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही, परंतु गरीब पक्षकाराला तोच अधिक जड जातो.

यांपैकी काही भार कायद्यानेच हलका केला आहे. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक संबंधांतून उद्भवणारे मालमत्तेचे वाद यांत महिला पक्षकारांना न्यायालय फी माफ करण्यात आली. प्रलंबित दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटल्यास भरलेली न्यायालय फी परत मिळते.

जिंकल्यास खर्च परत मिळतो काय?

'खर्चासह दावा मंजूर' या शब्दांनी पक्षकाराच्या आशा वाढतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च देवविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. तथापि हुकूमनाम्यात वकिलाच्या फीपोटी धरली जाणारी रक्कम सामान्यतः नियमांच्या प्रमाणात असते आणि प्रत्यक्ष दिलेल्या फीच्या मानाने ती अल्प असते. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा तर अवघी ३,००० रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ व २०११ च्या निर्णयांत खर्च वास्तववादी असावा, असे मत व्यक्त केले. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने वाणिज्यिक वादांपुरते हरणाऱ्याने खर्च द्यावा, हे तत्त्व अधिक स्पष्टपणे स्वीकारले. साध्या दिवाणी दाव्यात मात्र खर्च परत मिळेल, असे गृहीत धरून अंदाजपत्रक करणे धोक्याचे आहे.

विनामूल्य विधी साहाय्य

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३९-अ ने मोफत विधी साहाय्याचे तत्त्व घटनेत आणले. त्यानुसार झालेल्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ची अंमलबजावणी ९ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. त्याच्या कलम १२ अन्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला, बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त व कोठडीतील व्यक्ती यांना वकिलाची विनामूल्य सेवा मिळू शकते. या वर्गांसाठी उत्पन्नाची अट नाही. ती अट इतरांसाठी आहे. म्हणजे नोकरी करणारी महिलाही या साहाय्यास पात्र ठरते. ही बाब सुशिक्षितांनाही पुष्कळदा ज्ञात नसते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांकही उपलब्ध आहे.

पक्षकाराने घ्यावयाची दक्षता

१) वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी एकूण फी, ती कोणत्या टप्प्यापर्यंत आहे आणि इतर खर्च कोणी करावयाचा, हे लिहून घ्यावे. औपचारिक करार शक्य नसल्यास दोघांच्या सहीचे एक पानही पुरेसे आहे.

२) प्रत्येक रकमेची पावती मागावी. मिळालेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी, याची नोंद वकिलाने ठेवली पाहिजे, असे विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात. पक्षकाराने मागितल्यास हिशेबाची प्रत देणेही वकिलावर बंधनकारक आहे.

३) मूळ कागदपत्रे देताना त्यांची यादी करून पोच घ्यावी. फी थकली या कारणावरून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. अर्थात फी वसूल करण्याचे अन्य कायदेशीर मार्ग वकिलास मोकळे आहेत.

४) वकिलाने प्रकरण मध्येच सोडल्यास पुरेशी सूचना देणे आणि न केलेल्या कामाची फी परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

५) गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य विधिज्ञ परिषदेकडे करता येते. महाराष्ट्र व गोवा यांसाठी एकच परिषद आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र बंद झाला आहे. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पक्षकाराचे नुकसान फी जास्त असल्यामुळे होते त्याहून अधिक ती अस्पष्ट असल्यामुळे होते. डॉक्टरला शस्त्रक्रियेचा खर्च आपण विचारतो. वकिलाला फी विचारताना मात्र संकोचतो, कारण त्याच्या हाती आपली इभ्रत आणि मालमत्ता सोपविलेली असते. हा संकोच वकिलाच्याही हिताचा नाही. आरंभी स्पष्ट बोलणे झालेले असेल, तर प्रामाणिक वकिलाला आपल्या श्रमांचा मोबदला मागताना ओशाळावे लागत नाही.

सल्ला मागावयास आलेल्या पालकाला शिक्षकाने वकिलाचे नाव सुचविण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : कलम १२ खाली आपण पात्र आहात काय, आणि फीचे लेखी झाले आहे काय? एवढ्याने न्याय स्वस्त होणार नाही. परंतु पैसा संपला म्हणून न्याय्य दावा अर्ध्यावर सुटण्याचे प्रसंग काही अंशी तरी टळतील.