दुसरा पार्ट काहींना आवडतो, काहींना नाही, असं का?

ईदची सुट्टी संपून शाळा भरली की मुलांच्या तोंडी अभ्यासाआधी पिच्चर असतो. नामपूरला माझ्या वर्गातही तेच. "टीचर, त्या जासूसी पिच्चरचा दुसरा पार्ट एकदम बोगस!" एक म्हणतो. "नाही टीचर, पहिल्यापेक्षा भारी!" दुसरा म्हणतो. पिच्चर एकच, मग मतं उलट का?

कारण सोपं आहे. दुसरा भाग बघताना आपण एकट्या त्याच सिनेमाला मार्क देत नाही. मनात पहिला सिनेमा चालूच असतो.

'शोले' 1975 साली आला. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि लेखक सलीम-जावेद यांनीच 1980 मध्ये 'शान' आणला. तो काही 'शोले'चा पुढचा भाग नव्हता. बेटावरचा अड्डा, टकला शाकाल, असा जेम्स बाँडच्या वळणाचा मामला होता. तरी लोक 'शोले' मनात घेऊनच गेले. कुणाला शाकाल आवडला, कुणी म्हणालं, गब्बरची मजा नाही.

आपल्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनीही हाच रस्ता धरला. आधी 'मालेगाव के शोले', मग 'मालेगाव की शान'. पैसा थोडा, कलाकार गावचेच. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर! जुम्म्याला यंत्रमाग बंद, म्हणजे पिच्चरचा दिवस. तिथे कुणी खऱ्या 'शोले'ची अपेक्षा करत नव्हतं. लोक हसायला यायचे आणि पोटभर हसून जायचे. अपेक्षा बदलली की निकालही बदलतो.

आता एक परदेशी उदाहरण. अमेरिकेचे हॅल हार्टली मोठ्या स्टुडिओच्या बाहेर, आपल्या मर्जीने सिनेमे काढतात. त्यांच्या 'हेन्री फूल'ला 1998 मध्ये कान महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं. कचरा गोळा करणारा एक माणूस कवी होतो, अशी ती साधी घरगुती गोष्ट. तिचा पुढचा भाग 'फे ग्रिम' 2006 च्या सप्टेंबरमध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला, आणि तो निघाला चक्क जासूसी सिनेमा! हेन्री पूर्वी वह्यांमध्ये काहीबाही खरडायचा. त्या लिखाणाला कुणी किंमत दिली नव्हती. आता देशोदेशीचे हेर म्हणतात, त्यात गुप्त खुणा आहेत. त्याची बायको फे, एकटीने मुलगा वाढवणारी बाई, त्या वह्यांपायी पॅरिस आणि इस्तंबूलपर्यंत ओढली जाते. कॅमेरा जवळजवळ सगळीकडे तिरका. आधी हसू येतं, शेवटाकडे ते विरत जातं.

काही समीक्षक खूश झाले, काही चिडले. पहिल्या भागातली ती घरगुती गोष्ट कुठे गेली, अशी तक्रार झाली. मला दोन्ही बाजू पटतात. पण वह्यांची ती थट्टा मला थट्टा वाटेना.

कारण त्याच महिन्यात, 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. कब्रस्तानात दुआ करायला आलेले लोक गेले. नंतर पोलिसांनी पकडले तेही मुसलमान तरुणच. वर्षानुवर्षं जेल, मग जामीन, आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. एक जण तो दिवस बघायला राहिला नव्हता. संशय घेणाऱ्याला साध्या वहीतही कट दिसतो, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून एकच सिनेमा एकाला गंमत वाटतो आणि दुसऱ्याला टोचतो. आवड-नावड असतेच, पण बघणारा काय सोसून आलाय तेही त्यात असतं.

'फे ग्रिम' लहान मुलांसाठी नाही. पण जासूसी पिच्चर तर घरोघरी चालतात. मुलांना नुसतं "बंद कर" म्हणण्यापेक्षा सोबत बसा आणि नंतर विचारा: पिच्चर कुणावर हसला? संशय कुणावर घेतला, आणि पुरावा काय दाखवला? तिसऱ्या प्रश्नावर माझा वर्ग बराच वेळ गप्प बसला होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, पुरावा तर दाखवलाच नाही. फक्त त्याचं नाव सांगितलं."