फुकट दिसणाऱ्या रोहिताची किंमत

भिगवणजवळ कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या काठावर होडी ठरवली, की होडीवाल्याला पैसे द्यावे लागतात. ते होडीचे, त्याच्या कष्टाचे आणि पक्षी नेमके कुठे उतरलेत हे ठाऊक असण्याचे. उथळ पाण्यात चोच उलटी खुपसून चरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या थव्याचे मात्र कोणी काही घेत नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या हिशेबात सिंचन होते, वीज होती, रोहित नव्हते. मग बाजारात कधीच विकले न जाणारे हे दृश्य बघायला लोक किती पैसे मोजतील? हा आकडा काढता येतो, आणि तोही एका रुपयाचे तिकीट न लावता!

१९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने अर्थतज्ज्ञांना विचारले, उद्यानांमुळे लोकांना होणारा लाभ पैशात कसा मोजायचा? हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी पत्रातून जी युक्ती सुचवली, तिच्यावर पुढे मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये आख्खी पद्धत उभी केली. युक्ती अशी: उद्यान मध्यभागी धरून नकाशावर वर्तुळे काढा. प्रत्येक पट्ट्यातून दर हजार लोकांमागे किती जण येतात आणि त्यांना यायला किती खर्च पडतो, एवढेच नोंदवा. प्रवेश सर्वांना फुकट असला, तरी पोहोचणे कोणालाच फुकट नसते. प्रवासाचा खर्च हेच न छापलेले तिकीट.

ही वर्तुळे भिगवणभोवती काढून बघू. आकडे केवळ समजण्यासाठी, मनाने घेतलेले. सणसर, बारामती, इंदापूर या जवळच्या पट्ट्यातून यायला माणशी २०० रुपये लागतात आणि हजारांतले ४६ जण येतात. पुण्याहून १,००० रुपये लागतात, येतात ३०. मुंबईहून २,००० लागतात, येतात १०. आता समजा, भिगवणला १,००० रुपयांचे तिकीट लागले. पुणेकराचा खर्च २,००० होईल, म्हणजे आज मुंबईकराला पडतो तेवढा. मग पुणेकर किती येतील? मुंबईकर आज येतात तितकेच, हजारी १०. जो प्रयोग कोणी केलाच नाही, त्याचे उत्तर अंतराने आधीच देऊन ठेवलेले असते!

याच आकड्यांची रेघ पुढे ओढली, तर खर्च २,५०० रुपयांवर गेला की कोणीच येणार नाही. सणसरकरांपैकी सर्वांत हौशी माणूस जवळपास २,५०० मोजायला तयार आहे, पण त्याचे काम २०० रुपयांत होते. मधले २,३०० त्याचा निव्वळ लाभ. जेमतेम तयार झालेल्याचा लाभ शून्य. सरासरी काढली, तर सणसरकराला प्रत्येक फेरीमागे १,१५० रुपयांचा लाभ होतो, पुणेकराला ७५० आणि मुंबईकराला अवघा २५०. अर्थशास्त्रात यालाच ग्राहकाचे संतोषाधिक्य म्हणतात. म्हणजे सर्वांत कमी खर्च करणाऱ्याच्या पदरात सर्वांत जास्त पडते, आणि हे समजते दुरून आलेल्यांनी रिकाम्या केलेल्या खिशांवरून. होडीवाल्यांची आणि खानावळींची कमाई हा वेगळाच हिशेब. हा लाभ कुठल्याही गल्ल्यात दिसत नाही.

पद्धत चतुर आहे, पण तिला खाचखळगे आहेत. मुंबईचे कुटुंब सिद्धटेकचा गणपती करून, पंढरपूरला जाता जाता भिगवणला मासे खायला थांबले आणि तासभर पक्षी पाहिले, तर डिझेलचा किती वाटा रोहितांच्या नावे लिहायचा? पैशाबरोबर वेळही खर्च होतो. ज्याची रोजंदारी बुडते त्याचा तास आणि भरपगारी सुटीवरच्या माणसाचा तास एकाच भावाने कसा मोजायचा?

खरी पंचाईत तर सणसरलाच होते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. वारकरी देहूहून पंढरपूरपर्यंत चालत जातो. भाडे शून्य, पण दिवस बघावे तर जवळपास तीन आठवडे. हे दिवस खर्चात धरले, तर आकडा फुगतो. पण वारकऱ्याला विचारा, चालणे हा खर्च की कमाई? वाट म्हणजे झीज, हे पद्धतीचे गृहीतच तो मोडून टाकतो.

आणि जे कधी येतच नाहीत, त्यांचे काय? रोहित पाहिले नाहीत तरी ते असावेत, असे वाटणारी माणसे असतात. त्यांचा प्रवासखर्चच नाही. त्यांना थेट विचारावे लागते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी असा अभ्यास झाला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका घराची तयारी निघाली महिन्याला साडेसात रुपयांची. रक्कम चिमूटभर, पण शहरातली घरे आणि पुढची वर्षे धरून बेरीज गेली सुमारे १०३ कोटी रुपयांवर.

हा खटाटोप कशासाठी? इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचे गवताळ माळरान आहे. तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, आणि आता वन विभागाची सफारीही. अशा माळरानांची नोंद सरकारदरबारी अनेकदा ‘पडीक’ अशी होते. उसाचे एकरी उत्पन्न कारखान्याच्या काट्यावर कळते, भूखंडाचा भाव रेडीरेकनरमध्ये सापडतो. माळरान पाहण्यातल्या आनंदापुढे मात्र रकाना कोरा राहतो, आणि कोरा रकाना बेरजेत शून्य धरला जातो. वर्तुळांची ही पद्धत त्या रकान्यात काहीतरी लिहून देते. ते शंभर टक्के बरोबर नसेल, पण शून्याइतके चूक नक्कीच नसेल.