जपानी मोटारींची विश्वासार्हता आणि गुणवत्ता : तुलनेच्या निकषांचा विचार

प्रस्तावना

जपानी मोटार म्हणजे खात्रीची मोटार, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. वाणिज्य व व्यवस्थापन विषयांच्या पाठ्यपुस्तकांनीही त्यास हातभार लावला आहे. ‘कायझेन’, ‘जस्ट इन टाइम’, गुणवत्ता मंडळे यांवरील प्रकरणे बहुतेक वेळा १९८०च्या दशकाशी येऊन थांबतात आणि त्यानंतरच्या चार दशकांत जपानी मोटार उद्योगात काय घडले याचा विद्यार्थ्यास पत्ता लागत नाही. ग्राहकाचा प्रश्न याहून साधा असतो. टोयोटा घ्यावी की होंडा, सुझुकी बरी की निसान, एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे असते. या प्रश्नाचे उत्तर कोणत्या निकषांवर द्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखकाचे मत आरंभीच नमूद करणे इष्ट ठरेल. ब्रँडनिहाय क्रमवारी लावता येते, ती दरवर्षी लावलीही जाते; परंतु ग्राहकास जे कळणे आवश्यक आहे ते त्या क्रमवारीतून फारसे कळत नाही. गाडीची विश्वासार्हता तिच्यातील विशिष्ट यांत्रिक निर्णयांवर आणि दोषाची बातमी दडपली न जाता वरपर्यंत पोहोचू देण्याच्या कंपनीच्या तयारीवर अवलंबून असते. नावावरून या दोहोंपैकी एकाचाही अंदाज खात्रीने बांधता येत नाही.

संकल्पनांचा खुलासा

विश्वासार्हता आणि गुणवत्ता हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जातात. अभियांत्रिकीत विश्वासार्हता म्हणजे ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळापर्यंत वस्तू न बिघडता काम करीत राहण्याची संभाव्यता. परिस्थिती आणि काळ या दोन अटी सोडल्या तर या शब्दास अर्थच उरत नाही. गुणवत्ता ही संकल्पना मात्र याहून व्यापक आहे. तिच्या संदर्भात जपानी अभ्यासक नोरिआकी कानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलेला भेद आजही उपयोगी पडतो. ‘अतारिमाए हिन्शित्सु’ म्हणजे गृहीत धरलेली गुणवत्ता आणि ‘मिर्योकुतेकी हिन्शित्सु’ म्हणजे आकर्षून घेणारी गुणवत्ता. ब्रेक लागला म्हणून कोणी कंपनीचे आभार मानीत नाही. तो न लागला तर मात्र त्या कंपनीचे नाव आयुष्यभर विसरत नाही. उलट दार बंद होतानाचा भारदस्त आवाज किंवा आसनांचे सुबक शिवणकाम नसले तर तक्रार होत नाही, असले तर मन सुखावते.

हा भेद लक्षात घेतला की ब्रँडविषयीचे बरेचसे वाद निकालात निघतात. सुझुकीच्या छोट्या गाडीचा पत्रा पातळ आहे आणि आतील प्लॅस्टिक हलके आहे, असे म्हणणारा दुसऱ्या गुणवत्तेविषयी बोलत असतो. ती गाडी रोज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते, असे उत्तर देणारा पहिल्या गुणवत्तेविषयी. दोघेही खरे बोलत असतात. १९८९ साली टोयोटाने लेक्सस हा स्वतंत्र ब्रँड अमेरिकेत आणला, तेव्हा या दोन्ही प्रकारच्या गुणवत्ता एकाच गाडीत आणण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यासाठी अर्थातच वेगळी किंमत मोजावी लागली.

मापनाच्या मर्यादा

तुलनेसाठी सामान्यतः दोन अमेरिकी संस्थांच्या पाहण्यांचा आधार घेतला जातो. जे. डी. पॉवर या संस्थेची एक पाहणी खरेदीनंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील समस्या मोजते, तर दुसरी तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांचा आढावा घेते. दोन्हींचा निष्कर्ष ‘दर शंभर गाड्यांमागे समस्या’ या स्वरूपात मांडला जातो. या गणनेत बंद पडलेले इंजिन ही एक समस्या आणि भ्रमणध्वनीशी न जुळणारा पडदा हीसुद्धा एक समस्याच. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था आपल्या सदस्यांकडून माहिती गोळा करते आणि इंजिन, गिअरबॉक्स यांसारख्या गंभीर बिघाडांना अधिक भार देते. तिची पद्धत त्यामुळे अधिक समंजस म्हणावी लागेल. तरीही तिच्या क्रमवारीत २०२० साली माझ्दा पहिली होती, २०२३ साली लेक्सस व टोयोटा पहिल्या दोन क्रमांकांवर होत्या आणि २०२४ साली सुबारू पहिली आली. चार वर्षांत माझ्दाच्या कारखान्यांची शिस्त बिघडली आणि सुबारूची सुधारली, असा याचा अर्थ लावणे धाडसाचे ठरेल.

खरे कारण सरासरीच्या स्वरूपात आहे. सुबारूची मॉडेल्स मोजकी असून बहुतेकांत समान सांगाडा व समान यंत्रभाग वापरलेले असतात. त्यामुळे तिची सरासरी फारशी हेलकावत नाही. टोयोटाचा पसारा मोठा आहे. वर्षानुवर्षे सिद्ध झालेल्या गाड्यांबरोबरच टुंड्रासारखा पूर्णतः नव्याने घडवलेला पिकअपही त्याच सरासरीत मोडतो. या पिकअपच्या नव्या व्ही-६ टर्बो इंजिनात यंत्रकामानंतरचे धातूचे कण राहून गेल्याने २०२४ साली सुमारे एक लाख वाहने परत मागवावी लागली. टोयोटाच्याच दुसऱ्या गाडीच्या ग्राहकास या घटनेशी काही कर्तव्य नाही. सरासरीत मात्र ती शिरते.

आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. दाइहात्सुने १९९२ साली आणि सुझुकीने २०१२ साली अमेरिकेच्या मोटार बाजारातून माघार घेतली. म्हणजे आपल्या रस्त्यांवर जिच्या गाड्या सर्वाधिक दिसतात ती सुझुकी या पाहण्यांत नाहीच. तरीही जपानी गाड्यांविषयीचे आपले मत या क्रमवाऱ्या वाचून पक्के होते, हे थोडे गमतीचे आहे.

गिअरबॉक्सचा दाखला

ब्रँडऐवजी यंत्रभाग पाहिला तर चित्र कसे बदलते, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्वयंचलित गिअरबॉक्सचे आहे. सीव्हीटी या प्रकारात दातेरी चक्रांच्या ठरावीक जोड्या नसतात. दोन कप्प्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि कप्प्यांचा परिणामी व्यास कमी-जास्त करून वेगाचे प्रमाण अखंडपणे बदलले जाते. इंजिन नेहमी सोयीच्या वेगाने फिरत राहते आणि इंधन वाचते. परंतु सारी शक्ती पट्टा आणि कप्पी यांच्यातील घर्षणातून जात असल्याने पट्टा घसरणे, तापमान वाढणे आणि तेलाचा दर्जा खालावणे या तीन गोष्टी त्याच्या मुळावर उठतात.

निसानने जॅटको या आपल्या सहयोगी कंपनीकडून हा गिअरबॉक्स घेऊन तो लहानमोठ्या बहुतेक गाड्यांत बसवला. तक्रारी इतक्या वाढल्या की २००३ ते २०१० या वर्षांच्या गाड्यांसाठी अमेरिकेत हमी वाढवून ती १० वर्षे अथवा १,२०,००० मैल करावी लागली. सुबारूने पट्ट्याऐवजी साखळी वापरली. तरी तिलाही २०१० ते २०१५च्या अनेक गाड्यांची हमी १० वर्षे अथवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली. टोयोटाने २०१८ साली याच रचनेत एक दातेरी गिअर जोडला. थांबलेली गाडी हलवताना पडणारा मोठा भार त्यामुळे गिअरवर गेला आणि पट्ट्याची सुटका झाली. माझ्दाने सीव्हीटीच्या मागे न लागता सहा गिअरची पारंपरिक स्वयंचलित रचना कायम ठेवली. टोयोटाच्या १९९७च्या प्रियसपासून चालत आलेल्या संकरित गाड्यांत सीव्हीटीचे केवळ नाव आहे. तेथे पट्टा नसून ग्रहमालेसारखी दातेरी चक्रे आहेत, आणि झिजण्यासारखे भाग कमी आहेत. भाडोत्री वाहतुकीत या गाड्या इतक्या टिकतात त्याचे एक कारण येथे आहे.

भारतात मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओत वेगळीच वाट धरली. साधाच गिअरबॉक्स ठेवून क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्राकडे दिले. गिअर बदलताना बसणारा हिसका सर्वांना जाणवतो. कानो यांच्या भाषेत आकर्षून घेणारी गुणवत्ता येथे बेताचीच. पण आत नवे असे थोडेच असल्याने गृहीत धरलेली गुणवत्ता शाबूत राहिली. टोयोटाची २००० साली भारतात आलेली क्वालिस याच तर्काने घडली होती. इंडोनेशियात वर्षानुवर्षे चाललेल्या किजांगवर ती आधारित होती. तिचे रूप जुनाट म्हणून नाके मुरडली गेली, आणि प्रवासी वाहतूकदारांनी ती डोक्यावर घेतली. जपानी विश्वासार्हतेचा मोठा भाग हा प्रतिभेपेक्षा अशा सावधपणाचा आहे, असे लेखकास वाटते.

दोष सांगण्याची मुभा

साकिची टोयोडा यांच्या १९२४च्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे की धागा तुटताच माग आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हे तत्त्व पुढे मोटार कारखान्यात आले आणि दोष दिसताच दोरी ओढून उत्पादनाची रांग थांबवण्याचा अधिकार साध्या कामगारास मिळाला. एडवर्ड्स डेमिंग यांच्या १९५०च्या व्याख्यानांनंतर सुरू झालेले डेमिंग पारितोषिक निसानने १९६० साली, तर टोयोटाने १९६५ साली मिळवले. निसान पाच वर्षे पुढे होती, हे आज सांगितले तर कोणास खरे वाटणार नाही.

तथापि कारखान्यातील ही दोरी कार्यालयात नेहमीच टांगलेली नसते. मित्सुबिशीने ग्राहकांच्या तक्रारी दोन दशकांहून अधिक काळ सरकारपासून दडवून ठेवल्याचे २००० साली उघड झाले. २००२ साली योकोहामा येथे त्याच समूहाच्या ट्रकचे चाक निखळून एका महिलेचा मृत्यू झाला. २०१६ साली इंधनखर्चाच्या आकड्यांतील तिची फेरफार उजेडात आली, तीही निसानमुळे. कारण मित्सुबिशी निसानसाठी छोट्या गाड्या बनवीत होती. लगोलग २०१७ साली खुद्द निसान आणि सुबारू यांच्या कारखान्यांत अंतिम तपासणी अधिकृत पात्रता नसलेले कर्मचारी करीत असल्याचे आढळले. टोयोटाही यातून सुटली नाही. २००९-१० साली अनाहूत वेगवाढीच्या प्रकरणात तिला लक्षावधी गाड्या परत मागवाव्या लागल्या, आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ साली अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरावे लागले.

या मालिकेतील दाइहात्सुचे प्रकरण विशेष अभ्यसनीय आहे. २०२३च्या अखेरीस स्वतंत्र समितीने तिच्या प्रमाणीकरण चाचण्यांत १७४ गैरप्रकार नोंदवले. ६४ मॉडेल्स त्यांत गुंतली होती आणि सर्वांत जुना प्रकार १९८९चा होता. नवी गाडी अत्यल्प मुदतीत तयार करण्याचा ताण आणि अडचण वरिष्ठांस सांगण्याची सोय नसणे, ही कारणे पुढे आली. जानेवारी २०२४ मध्ये जपान सरकारने तीन वाहनांचे प्रमाणपत्र रद्द केले : दाइहात्सु ग्रॅन मॅक्स, टोयोटा टाउनएस आणि माझ्दा बोंगो. ही तीन नावे एकाच ट्रकची होती. माझ्दा चांगली की टोयोटा, असा वाद घालणाऱ्या ग्राहकासमोर येथे निवड करण्यास काहीच नव्हते.

भारतातील जुळ्या गाड्या

असाच प्रकार आपल्याकडेही आहे. सुझुकी व टोयोटा यांच्यातील सहकार्यातून २०१९ साली ग्लान्झा बाजारात आली. ती सुझुकीच्या गुजरातमधील कारखान्यात बनलेली बलेनोच होती. विश्वासार्हतेच्या तराजूत दोहोंचे वजन सारखेच भरावयास हवे. सुरक्षिततेचा तराजू तर वेगळाच असतो, कारण न बिघडणारी गाडी अपघातात प्रवाशास वाचवीलच असे नाही : भारतात बनलेल्या दोन एअरबॅगच्या बलेनोला २०२१ साली लॅटिन एनकॅपच्या चाचणीत शून्य तारे मिळाले, आणि २०२४ साली त्याच कंपनीच्या नव्या डिझायरने ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. यास्तव महाविद्यालयासाठी वा घरासाठी गाडी घेताना ब्रँडविषयी चौकशी करण्याआधी हे मॉडेल किती वर्षांपासून बनते आहे, त्यात कोणता गिअरबॉक्स आहे आणि हमीत नेमके काय लिहिले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व या जुळ्या गाड्यांनीच दाखवून दिले. ग्लान्झा आली तेव्हा बलेनोवर दोन वर्षे अथवा ४०,००० किलोमीटर, तर ग्लान्झावर तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर अशी हमी होती. यंत्र तेच आणि कारखानाही तोच असताना त्याच्या टिकाऊपणाविषयी दोन कंपन्यांनी दोन वेगळी वचने दिली होती. मारुती सुझुकीने आपली हमी तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटरपर्यंत नेली ती जुलै २०२४ मध्ये.