हिशेब मागणारा धर्मद्रोही नसतो

दाऊदी बोहरा समाजातील सुधारकांनी शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेली लढाई एका समाजापुरती नाही. धर्मसंस्थेला जाब विचारणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क तिच्यात पणाला लागला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि परिसर जमीनदोस्त झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. सरकारी यंत्रणा पोचण्याआधी ढिगारे उपसायला धावले ते शेजारपाजारचे, भावकीतले, आसपासच्या गावांतले लोक. संकटात माणसाला समाजच तारतो, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. पण त्याच अनुभवातून दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. समाजाचा आधार इतका मोलाचा असेल, तर तो आधार काढून घेण्याची ताकद ज्याच्या हाती असते त्याच्याइतका सत्ताधीश दुसरा कोणी नसतो. लग्नाला कोणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही, दुकानाची पायरी कोणी चढणार नाही, सख्खी बहीण बोलणार नाही, एवढे सांगितले की पोलीस लागत नाहीत आणि तुरुंगही लागत नाही. धर्मसंस्थेत सुधारणा का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा धर्मग्रंथात सापडत नाही. ते या ताकदीत सापडते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, जाब विचारणाऱ्याला वाळीत टाकण्याचा अधिकार जोवर शाबूत आहे, तोवर सुधारणेच्या बाकी सगळ्या गप्पा फोल आहेत.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत प्रदीर्घ आणि कागदोपत्री नोंदलेला लढा दाऊदी बोहरा समाजात झाला. शिया इस्माइली परंपरेतला हा समाज व्यापारउदिमात मुरलेला, शिकलेला आणि शिस्तीचा आहे. बाराव्या शतकात एकविसावे इमाम लोकांच्या नजरेआड गेले आणि तेव्हापासून त्यांच्या वतीने दाई धर्माचा कारभार पाहतात, अशी या समाजाची श्रद्धा आहे. दाईंना आदराने सैयदना म्हणतात आणि त्यांचे मुख्यालय मुंबईत आहे. वयात येणारा प्रत्येक मुलगा आणि मुलगी मिसाक म्हणजे निष्ठेची शपथ घेते. गावोगावी दाईंचा प्रतिनिधी, म्हणजे आमिल, असतो. लग्नापासून दफनापर्यंतच्या प्रसंगांना धर्मपीठाची रझा, म्हणजे परवानगी, लागते. हे सारे मनापासून मानणारे लाखो लोक आहेत आणि त्यांच्या श्रद्धेवर बाहेरच्याने शेरा मारण्याचे कारण नाही. पैशाचा किंवा कारभाराचा प्रश्न विचारला म्हणून रझा अडवली जाते, तेव्हा मात्र गोष्ट श्रद्धेची उरत नाही. ती सत्तेची होते.

या लढ्याची सुरुवातच एका दानपेटीपासून झाली. मुंबईत चांदाभाई नावाच्या एका बोहरा शेठजींची कबर आहे. भाविक तिथे नवस बोलत आणि गल्ल्यात पैसे टाकत. हा पैसा कोणाचा, तो मोजतो कोण आणि खर्च कशावर होतो, असा साधा सवाल सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातल्या मंडळींनी उभा केला. १९१७ मध्ये मुंबईच्या अ‍ॅडव्होकेट जनरलमार्फत हायकोर्टात दावा गेला. धर्मपीठाची बाजू अशी होती की दाई हे इमामाचे प्रतिनिधी आहेत, त्यांना हिशेब विचारणारे कोर्ट कोण? १९२१ मध्ये न्यायमूर्ती मार्टन यांनी निकाल दिला. धार्मिक अधिकार कितीही मोठा असो, धर्मादाय पैशाच्या बाबतीत दाई विश्वस्त ठरतात आणि विश्वस्ताला उत्तर द्यावे लागते, असा त्याचा आशय होता. पुढे बुऱ्हाणपूरच्या वादात वाळीत टाकण्याचा प्रश्न थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. बहिष्कृत करण्याचा अधिकार दाईंना आहे, पण तो मनमानी आणि निरंकुश नाही, असे १९४७ मध्ये लंडनच्या त्या न्यायासनाने सांगितले. आधी ताकीद हवी आणि रीतसर पद्धत पाळायला हवी, असे त्याचे म्हणणे होते. स्वातंत्र्याच्या सुमारासच दोन गोष्टी अशा ठरून गेल्या होत्या. धर्मादाय पैशाचा हिशेब मागता येतो आणि बहिष्कारालाही मर्यादा असते.

मग हा प्रश्न तिथेच का मिटला नाही? कारण कोर्टाने दिलेला हक्क वापरायला माणूस समाजात उभा राहावा लागतो. १९७० मध्ये उदयपूरच्या नगरपालिका निवडणुकीत धर्मपीठाच्या पसंतीबाहेरचे बोहरा तरुण उभे राहिले आणि निवडून आले. त्यातून पेटलेल्या संघर्षात घरे दुभंगली. याच लढ्यातून मुंबई महापालिकेत स्थापत्य अभियंता म्हणून काम करणारे असगर अली इंजिनिअर पुढे आले. ते स्वतः एका आमिलाचे चिरंजीव होते. कुराण आणि बोहरा परंपरा ते घरातच शिकले होते. त्यांची मागणी धर्म सोडण्याची नव्हती. जमा होणाऱ्या पैशाचा हिशेब जाहीर करा, जमातीचा कारभार निवडलेल्या मंडळींकडे द्या आणि मतभेदासाठी कोणाचे घर मोडू नका, एवढेच ते मागत होते. १९७७ मध्ये उदयपूरच्या परिषदेत सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाची धुरा त्यांच्याकडे आली. जयप्रकाश नारायण यांच्या सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या संघटनेने नेमलेल्या नथवानी आयोगाने १९७९ मध्ये अहवाल दिला. सामाजिक बहिष्काराच्या तक्रारी त्यात नोंदल्या गेल्या. धर्मपीठाच्या समर्थकांनी आयोगाला कडाडून विरोध केला. २००० साली मुंबईत इंजिनिअर यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांच्या घराची व कार्यालयाची मोडतोड झाली. २००४ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये ते गेले, तोपर्यंत त्यांच्या मागण्या तशाच उभ्या होत्या.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. पटत नसेल तर बाहेर पडा, कोणी बांधून ठेवले आहे? हा आक्षेप ऐकायला सरळ वाटतो, पण तो बाहेर पडण्याची किंमत हिशेबात धरत नाही. ती किंमत आपल्या इतिहासानेही मोजली आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचे निमित्त झाले आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्यांना प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले, त्यांत पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. विद्वत्ता, पद आणि लोकमान्यता असलेल्या माणसांनाही समाजाच्या दाबापुढे वाट काढावी लागली. मग ज्याचे गिऱ्हाईक, सोयरीक आणि कब्रस्तानातली जागाही एकाच समाजात आहे, त्या छोट्या दुकानदाराला ‘बाहेर पडा’ सांगणे म्हणजे ‘गप्प बस’ सांगणेच आहे. शिवाय घर गळत असेल तर घरच्याने छप्पर शाकारायला सांगावे की घर सोडावे? सुधारकाला श्रद्धा सोडायची नसते. म्हणून तर तो आत राहून भांडतो.

दुसरा आक्षेप राज्यघटनेचा आहे आणि तो वजनदार आहे. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही धर्मातली अथवा जातीतली बहिष्कृती त्याने बेकायदा ठरवली. सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द ठरवला. धर्माची शिस्त राखण्यासाठी केलेली बहिष्कृती ही धर्माचीच बाब आहे आणि अनुच्छेद २६ प्रत्येक पंथाला आपल्या धार्मिक बाबी सांभाळण्याचा हक्क देतो, असे बहुमताने म्हटले. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो, त्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा राखण्यासाठी हा कायदा आहे, असा त्यांचा रोख होता. सुधारकांनी १९८६ मध्ये फेरविचारासाठी धाव घेतली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार आवश्यक असल्याचे म्हणून प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

माझ्या मते या पेचाची उकल घटनेतच आहे. अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो ते आधी व्यक्तीला. केरळमधल्या यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या तीन मुलांनी राष्ट्रगीताला उभे राहूनही ते गायला नकार दिला, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. देशाच्या बहुमतापुढे तीन मुलांची श्रद्धा टिकते, तर पंथाच्या बहुमतापुढे पंथातल्याच एकाची श्रद्धा का टिकू नये? शिवाय घटना धर्माची बाब आणि धर्मसंस्थेची मालमत्ता यांत फरक करते. मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार व्हायला हवा, असे अनुच्छेद २६ मध्येच लिहिले आहे. १९५४ च्या रतिलाल गांधी खटल्यात न्यायालयाने हीच रेघ आखली. नमाज कशी पढावी, पूजा कोणी करावी, हे सरकारने सांगू नये. पण दानाचा जमाखर्च तपासला म्हणून धर्म बुडत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळात जास्त बोचतो. अल्पसंख्य समाज आधीच दडपणाखाली असताना त्याच्या घरातली भांडणे चव्हाट्यावर का आणता? या भीतीत तथ्य आहे. सुधारकाच्या तक्रारीचा वापर करून सगळ्या समाजाला झोडपणारे लोक आहेत आणि त्यांच्यापासून सुधारकांनी अंतर ठेवलेच पाहिजे. धर्मांध हिंसेविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या असगर अलींनी ते ठेवले. पण यावरचा उपाय एकाच समाजाला मोकळे सोडणे हा नाही. नियम सर्वांना सारखा लावणे हा आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी तरतूद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात सुचवली होती. गावाने पाणी, काम आणि किराणा बंद केला की हक्क कागदावरच राहतात, हे दलितांच्या अनुभवातून त्यांना पुरते ठाऊक होते. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदाही एका धर्मावर रोखून झालेला नाही. तो जातपंचायतींच्या जुलमातून आला, आणि त्या बव्हंशी हिंदू जातींच्या होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या शेवटच्या काळात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. त्याच्या परिषदा नाशिकला झाल्या तशा लातूरलाही झाल्या. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. त्यात समाजाची व्याख्या जातीपुरती नाही. धर्म आणि पंथही तिच्यात येतात. लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यात अडथळा आणणे, दफनभूमी नाकारणे, व्यवहार तोडायला लावणे, हे सारे गुन्हे आहेत आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

चौथे म्हणणे असे की, या संस्था दवाखाने चालवतात, शाळा काढतात, गरिबाच्या घरी डबा पोचवतात, मग त्यांच्यावर संशय कशाला? मुंबईचे सैफी हॉस्पिटल बोहरा समाजाने उभे केले आणि त्याचे मोल कोणी नाकारू नये. परंतु चांगले काम हे हिशेबाला पर्याय होत नाही. उलट काम जितके मोठे, तितका लोकांचा पैसा जास्त आणि विश्वासही जास्त. संस्थेने आपला न्याय आपणच करायचा ठरवले की काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले. बालकांवरील लैंगिक अत्याचारांबाबत संस्थांची चौकशी करणाऱ्या तिथल्या शाही आयोगाने २०१५ मध्ये यहोवाच्या साक्षीदार पंथाची कागदपत्रे तपासली. १९५० पासूनच्या १,००६ कथित अत्याचाऱ्यांच्या फायली पंथाच्या कपाटात होत्या आणि पंथाने त्यांतल्या एकाचीही खबर पोलिसांना दिलेली नव्हती. ज्या पंथाच्या मुलांच्या बाजूने आपले सर्वोच्च न्यायालय उभे राहिले, तोच हा पंथ. त्यामुळे श्रद्धेचे रक्षण आणि संस्थेची झडती यांत विरोध नाही. दोन्ही माणसासाठीच आहेत.

याचा अर्थ कायदा केला की काम झाले, असा नाही. बहिष्कार सिद्ध करणे अवघड असते, कारण हुकूम लेखी नसतो. ‘आम्ही स्वखुशीने गेलो नाही’ असे सगळे म्हणतात. तक्रारदाराला त्याच वस्तीत राहायचे असते, म्हणून तडजोडीचा दाब येतो. म्हणूनच आतली मागणी आणि बाहेरचा कायदा यांची सांगड लागते. गेल्या दहा वर्षांत बोहरा स्त्रियांनी ही सांगड घालून दाखवली. मुलींच्या खतन्याविरुद्ध ‘सहियो’ आणि ‘वुई स्पीक आउट’सारख्या गटांतल्या स्त्रिया नावानिशी बोलू लागल्या आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. शपथ घेतलेल्या, मशिदीत जाणाऱ्या, आपल्या समाजावर माया असलेल्या या बायकांना धर्मशत्रू म्हणणे कोणालाही सोपे गेले नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. प्रत्येक धर्मसंस्थेने आपले लेखापरीक्षण झालेले हिशेब स्वतःच्या सदस्यांपुढे मांडावेत. कोणावर कारवाई करायची तर लेखी कारण, म्हणणे मांडण्याची संधी आणि अपिलाची सोय द्यावी. गुन्ह्याची तक्रार पोलिसांकडेच जावी, धर्मगुरूच्या बैठकीत मिटवली जाऊ नये. आणि कारवाई झालीच, तरी ती उपासनेपुरती राहावी. माणसाचे लग्न, धंदा, आईबापांची भेट आणि दफन यांना कोणी हात लावू नये. या चारांतली एकही मागणी कोणत्याही धर्माच्या तत्त्वाला धक्का लावत नाही.

लातूर जिल्ह्यात जातपंचायत असो, मठ असो, चर्च असो की जमात, २०१६ चा कायदा सगळ्यांना लागू आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. फिर्याद घ्यायला ठाणेदाराला वरून आदेश लागत नाही. तरीही या कायद्याची माहिती गावात पोचलेली दिसत नाही. ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे, पोलीस ठाण्यात तो फलकावर लागावा आणि ज्याला वाळीत टाकले आहे त्याच्या घरी सर्वांत आधी शेजाऱ्याने जावे. बहिष्कार मोडण्याचे सर्वांत जुने आणि आजही चालणारे साधन तेच आहे. बहिष्कार चालतो तो सगळ्यांनी पाळला तरच, आणि पाळायचा की नाही हे ठरवणे प्रत्येकाच्या हातात आहे.