रिकाम्या खणाची परीक्षा

घडी घातलेले कपडे एक घनफूट जागेत किती वजनाचे मावतात? अमेरिकी सरकारच्या दफ्तरी याचं उत्तर नोंदलेलं आहे : साडेआठ पौंड. आपल्या मापात घनमीटरला सुमारे १३६ किलो. हा आकडा धोब्याला किंवा विमान कंपनीला लागत असेल असं वाटेल. पण तो ठरवलाय बेडरूममधल्या ड्रेसरसाठी, म्हणजे कपड्यांच्या खणांच्या उभ्या कपाटासाठी. आणि तो ठरवावा लागला, कारण ही कपाटं मुलांच्या अंगावर पडत होती.

जुन्या लाकडी सामानाचा मला फार दिवसांचा नाद आहे. चोरबाजारात खणांचं कपाट दिसलं की वरची कोरीव नक्षी राहते बाजूला. मी खण बाहेर ओढून त्याचे सांधे बघत बसतो. कपाट कसं केलंय ते खणाच्या बाजूला आणि तळाला कळतं, दर्शनी फळीला नाही. या नादापायीच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा ड्रेसरविषयीचा लांबलचक नियम हाती लागला. सरकारी भाषेतला मजकूर मी सहसा चाळून सोडून देतो. हा मात्र कादंबरीसारखा वाचला.

आधी थोडा इतिहास, भराभर. खणाच्या आधी पेटी होती, आणि पेटीचा दोष घरोघरच्या बायकांना पाठ होता : हवी असलेली वस्तू नेमकी तळाशी. सतराव्या शतकात युरोपातल्या सुतारांनी पेटीच्या तळाला एखाददुसरा ओढता खण बसवला, मग खणांवर खण रचले, आणि वर उघडणारं झाकण कायमचं मिटलं. डव्हटेल सांध्यामुळे रोजच्या ओढाताणीतही खणाची दर्शनी फळी निघून येईनाशी झाली. १७५४ साली लंडनच्या थॉमस चिपेंडेलने नमुन्यांचं पुस्तक काढलं आणि असं कपाट प्रतिष्ठेची वस्तू झालं. हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याचा छावणीचा अवतार आणला. हे कपाट मधोमध दोन भागांत सुटायचं, पाय फिरवून काढता यायचे, पितळी कड्या लाकडात खोल बसवलेल्या असायच्या. सागवानी किंवा कापराच्या लाकडाचे हे दोन भाग जनावराच्या पाठीवर दोन बाजूंना लादता येत. अशा गिऱ्हाइकांसाठी लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ साली मुंबईत शाखा उघडली. काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे.

पण कपड्यांच्या पेटीवर कायदा करण्याची पाळी याच्याही आधी, जपानमध्ये आली होती. १६५७ च्या मार्चमध्ये एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, तीन दिवस जळत होतं. मेइरेकी काळातली आग म्हणून इतिहासात तिची नोंद आहे. मृतांचा परंपरागत अंदाज एक लाखाच्या आसपासचा. दंतकथा अशी की एका देवळात अपशकुनी ठरलेला किमोनो जाळायला घेतला आणि वाऱ्याने तो उडवून छपरावर नेला. दंतकथा खरी असो वा नसो, कपड्यांचा या आगीशी दुसरा एक संबंध नक्की आहे. त्या काळी सधन घरांत कपडे-अंथरुणांसाठी ‘नागामोची’ नावाच्या प्रचंड लाकडी पेट्या असत आणि आग लागली तर ओढून नेता याव्यात म्हणून त्यांना खाली चाकं लावलेली असत. अतिशय समंजस कल्पना. आग लागल्यावर शहरातल्या सगळ्याच समंजस कुटुंबांनी आपापल्या पेट्या एकाच वेळी रस्त्यावर आणल्या. अरुंद गल्ल्या आणि पूल तुंबले, माणसांना वाट उरली नाही. पुढे १६८३ साली एदो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही शहरांत चाकांच्या पेट्यांवर बंदी आली.

सुतारांनी पुढे काढलेला मार्ग मला फार आवडतो. खणांची ‘तान्सु’ कपाटं त्यांनी एकावर एक ठेवायच्या दोन हलक्या भागांत केली आणि बाजूंना लोखंडी कड्या बसवल्या. कड्या वर ओढायच्या, त्यांतून बांबू घालायचा आणि दोघांनी पालखीसारखं खांद्यावर घेऊन निघायचं. लाकूड किरीचं : वजनाला अगदी कमी, आणि दमट हवेत किंचित फुगून खणाच्या फटी बंद करणारं, त्यामुळे आतल्या रेशमाला ओल लागत नाही. मुलगी जन्मली की दारात किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याचंच कपाट करून द्यायचं, अशी रीत सांगतात. एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. पेटी आपल्या घरात सोयीची आहे की नाही, एवढंच प्रत्येकाने पाहिलं होतं. ती रस्त्यावर आल्यावर काय होईल हा प्रश्न कुणाच्याच घरातला नव्हता, म्हणून तो शेवटी कायद्याने सोडवला.

आता अमेरिका. तिथल्या ड्रेसरसाठी २००० सालापासून एक मानक होतं, पण ते ऐच्छिक. त्यात दोन परीक्षा होत्या. पहिली : सगळे खण उघडे ठेवून कपाट उभं राहिलं पाहिजे. दुसरी : एकच खण उघडायचा, त्याच्या तोंडाशी ५० पौंड म्हणजे साधारण २३ किलोंचा भार द्यायचा, तरीही कपाट पडता कामा नये. परीक्षा कडक वाटते. पण तिच्यात दोन गृहीतं दडलेली होती. जमीन टणक आणि सपाट, आणि खण रिकामे. ड्रेसर रिकामा ठेवायला कुणी विकत घेत नाही, हे मानक लिहिणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. रिकाम्या कपाटावर परीक्षा घेणं सोपं, एवढंच.

खण भरलेला असला आणि बाहेर ओढला की त्याचं वजन कपाटाच्या पुढच्या पायांच्याही पुढे जातं. असे तीन-चार खण एकदम उघडे असले, खाली गालिचा असला, तो भिंतीलगत थोडा उंचावलेला असला, आणि दोन वर्षांचं मूल खणांची शिडी करून वर निघालं, की सगळा भार एकाच दिशेला. मिशिगन विद्यापीठात छोट्या मुलांना मुद्दाम चढायला देऊन मोजमाप केलं गेलं. चढणाऱ्या मुलाचा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाहून बराच जास्त भरतो, हे त्यात स्पष्ट झालं. आयोगाने जमवलेल्या नोंदींत २००० ते एप्रिल २०२२ या काळात कपड्यांची कपाटं अंगावर पडून २३४ मृत्यू आहेत. त्यांतली १९९ मुलं.

भांडण पेटलं ते आयकिया या स्वीडिश कंपनीच्या ‘माल्म’ मालिकेवरून. २०१४ साली दोन मुलं गेली. २०१५ मध्ये कंपनीने सुमारे २ कोटी ७० लाख कपाटांसाठी भिंतीला बांधायचे अँगल फुकट देऊ केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिसरं मूल गेलं. त्या जूनमध्ये अमेरिकेत २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलावली गेली. ती जुनं ऐच्छिक मानकसुद्धा पाळत नव्हती. चीनमध्ये मात्र आपला माल स्थानिक नियमांत बसतो असं कंपनीने सांगून पाहिलं. तिथल्या सरकारी माध्यमांनी झोडपल्यावर जुलैत तिथलीही साडेसोळा लाखांहून अधिक कपाटं माघारी बोलावली. डिसेंबर २०१६ मध्ये तीन कुटुंबांशी पाच कोटी डॉलरला तडजोड झाली. तरी २०१७ साली कॅलिफोर्नियात आणखी एक मूल परत बोलावलेल्या याच मालिकेच्या कपाटाखाली गेलं. माघारीची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, असं आईवडिलांचं म्हणणं. त्यांना २०२० साली चार कोटी साठ लाख डॉलर मिळाले.

पैशांपेक्षा वादाचा मुद्दा मोठा होता. कंपनीची भूमिका अशी की हे कपाट भिंतीला बांधून वापरायचं आहे, तसं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. आईबाप म्हणत होते, भिंतीला बांधल्याशिवाय उभं राहत नसेल तर ते विकताच कशाला? मी आईबापांच्या बाजूचा आहे. भाड्याच्या घरात भोक पाडायला मालक परवानगी देत नाही, कुठे भिंत पोकळ असते, आणि माहितीपत्रक तर सामान जोडून झालं की पुठ्ठ्याच्या खोक्याबरोबर भंगारात जातं. सुरक्षितता गिऱ्हाइकाच्या स्क्रूवर सोडणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

मुलं गमावलेल्या कुटुंबांनी २०१८ साली ‘पेरेंट्स अगेन्स्ट टिप-ओव्हर्स’ ही संघटना काढली आणि संसदेचे उंबरे झिजवले. प्रतिनिधिगृहाने विधेयक एकदा मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडकलं, पुन्हा मंजूर केलं. शेवटी पालक आणि उत्पादक यांचं एका मसुद्यावर जमलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘स्टर्डी’ कायदा झाला. त्यातली यादी वाचण्यासारखी आहे : ६० पौंडांपर्यंतच्या मुलाचं वजन, गालिच्याचा परिणाम, खणांत असलेलं सामान, एकाहून अधिक उघडे खण, आणि हिसक्याचा जोर. जुन्या परीक्षेत जे जे गृहीत धरलं होतं, त्याचा एकेक धागा इथे उसवलाय. त्याप्रमाणे सुधारलेलं मानक १ सप्टेंबर २०२३ पासून सक्तीचं झालं. २७ इंच किंवा त्याहून उंच आणि किमान ३० पौंड वजनाची कपड्यांची कपाटं त्याच्या कक्षेत येतात. आणि भरलेल्या खणाचं वजन धरायचं तर कपड्यांची घनता ठरवणं आलंच. साडेआठ पौंड तिथून आले.

आता हा आकडा घेऊन आपल्या घरात येऊ. ८० सेंटिमीटर रुंद, ४० खोल आणि २० उंच असा खण म्हणजे ६४ लिटर जागा. अमेरिकी हिशेबाने त्यात पावणेनऊ किलो कपडे. सहा खणांचे ५२ किलो. पार्टिकल बोर्डाचं कपाट स्वतः साधारण तेवढंच भरतं. पण हा हिशेब टी-शर्ट आणि पायजम्यांचा आहे. रेशमी साडीची घडी ३० बाय २५ सेंटिमीटर, जाडी तीनेक, वजन सातशे ग्रॅम. भागाकार केला की घनमीटरला तीनशे किलोंच्या वर, अमेरिकी कपड्यांच्या दुपटीहून जास्त. तोच खण साड्यांनी काठोकाठ भरला तर वीस किलोंच्या घरात जातो. आणि साड्या ठेवतात कुठे? चांगल्या म्हणून वरच्या खणात.

नवी मुंबईत आयकियाचं दुकान २०२० च्या डिसेंबरात उघडलं, आणि पुण्या-मुंबईच्या नव्या घरांत खणांची सुटी कपाटं आता सर्रास दिसतात. भिंतीतलं फडताळ पडत नव्हतं आणि लोखंडी कपाट चार माणसांनाही ढकलत नव्हतं, म्हणून कपाट पडू शकतं ही भीतीच आपल्याला ठाऊक नाही. दुकानात आपण रंग पाहतो, आरसा पाहतो, सॉफ्ट क्लोजचे चॅनल दोनदा सरकवून खूश होतो.

त्याऐवजी दुकानात हे करा. सगळे खण एकदम पूर्ण बाहेर ओढा आणि वरच्या खणाच्या कडेवर हाताने दाबा. मागचे पाय उचलले गेले तर पुढच्या कपाटाकडे वळा. एक खण उघडला की दुसरा उघडूच न देणारा अडसर असलेली कपाटं मिळतात. तो त्रास वाटला तरी तीच घ्या. उंच आणि अरुंद कपाटापेक्षा बुटकं आणि रुंद बरं. खणाचा तळ बोटाने दाबून बघा : पातळ हार्डबोर्ड वर्षभरात पोट सोडतो, प्लायवुडचा तळ टिकतो.

लावताना जड ते खाली. चादरी, जीन्स, शाली तळाच्या खणात. साड्या त्याच्या लगेच वर, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून, अधूनमधून घडी मोडून. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नका. मोजे, रुमाल, परकर-पोलकी सगळ्यात वर. कपड्यांच्या उभ्या घड्या लावायची सध्या फॅशन आहे. दिसायला सुरेख, शोधायला सोपी, पण त्याच खणात जास्त कपडे ठासले जातात, म्हणून ती खालच्या खणांपुरती ठेवा. कपाटाच्या डोक्यावर टीव्ही नको, आणि मुलाचं आवडतं खेळणं तर नकोच. चढायचं निमित्त तेच.

आणि एवढं करूनही कपाट भिंतीला बांधा. कायदा झाल्यावरही अमेरिकी आयोग हाच सल्ला देतो आहे, आणि आपल्याकडे तर घरात नातवंडं सुट्टीपुरतीच येतात, तेव्हा कपाटाकडे लक्ष असतंच असं नाही. मागच्या वरच्या कडेला दोन एल-अँगल, विटेच्या भिंतीत चांगले प्लग, दोन स्क्रू. भाड्याचं घर असेल आणि मालक कुरकुरला तर घर सोडताना भोकं बुजवून द्या. त्याला मूठभर पांढरं सिमेंट पुरतं.