दुकानात नसताना फोन कोणी घ्यावा?

आपले पंपदुरुस्तीचे छोटे दुकान आहे असे समजा. आपण गिऱ्हाइकाच्या विहिरीवर, हात ग्रीसने माखलेले, आणि खिशात फोन वाजतो आहे. पलीकडचा माणूस थांबणार थोडाच! तो दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. अशा वेळी आपल्या नावाने फोन घेऊन निरोप टिपणारी सेवा हल्ली पैसे देऊन मिळते.

पण करार करण्यापूर्वी आकारणी नीट पहा, बरं का. समजा, दर मिनिटाला दोन रुपये सांगितला. स्वस्त वाटतो, नाही? दिवसाला १५ फोन आणि महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३९० फोन झाले. प्रत्येक फोन १ मिनिट १० सेकंदांचा धरला तर बोलणे भरते ४५५ मिनिटे. मात्र अर्धवट मिनिट पुरे धरण्याची अट असली तर बिल येईल ७८० मिनिटांचे! ९१० रुपयांच्या जागी १५६०. वर १८ टक्के जीएसटी वेगळाच.

चुकून लागलेले आणि जाहिरातीचे फोनही मोजतात का, हेही विचारून घ्या. त्याआधी आठवडाभर हुकलेले फोन मोजा. त्यांची यादी मोबाइलातच असते. रोजचे दोन-तीनच निघाले तर या भानगडीत पडूच नये, असे माझे मत. संध्याकाळी आपणच उलट फोन करावेत. आणि सेवा घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात मेहुण्याला गिऱ्हाईक बनवून फोन करायला लावा. निरोपात पंपाचा अश्वशक्तीचा आकडा बरोबर येतो का, ते पहा.