सस्पेन्स खात्यातलं पित्त

अंगावर पित्त उठणं हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. आमसूल भिजवून चोळायचं, घोंगडी पांघरायची आणि सकाळी विसरून जायचं. कधीमधी उठणाऱ्या पित्ताला एवढं पुरतंही. पाचातल्या एका माणसाला आयुष्यात केव्हा तरी हा अनुभव येतोच. पण ६ आठवडे उलटले तरी गांधी यायच्या थांबत नाहीत, तेव्हा डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. अशी माणसं शंभरात साधारण एक, आणि त्यांत पुरुषांच्या दुप्पट बायका. शंभरातला तो एक होण्याचा मान गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे.

माझं पित्त रात्रपाळी करतं. दिवसभर कातडी स्वच्छ. साडेअकराच्या सुमारास लेंग्याच्या नाडीखाली खाज सुटते, मग मांड्या, पाठ, तळहात. दोन वाजेपर्यंत नकाशातल्या बेटांसारख्या लाल गांधी उठतात आणि दूधवाला येईपर्यंत मावळतात. दवाखान्यात दाखवायला काही उरतच नाही! शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, रात्री मोबाइलवर फोटो काढा, आणि एका गांधीभोवती बॉलपेननं रिंगण करून वेळ लिहा. पित्ताची गांध २४ तासांच्या आत जागा सोडते. त्याहून अधिक टिकली, जाताना डाग ठेवून गेली, तर दुखणं वेगळं असू शकतं.

खाजेपेक्षा जड जातो तो प्रश्न : 'कशानं होतं?' उत्तर प्रत्येक पाहुण्याकडे तयार असतं. वांगं, शेंगदाणे, आंबट ताक, डाळ. आरोपी सगळे स्वयंपाकघरातले. एका रात्री पंखा माझ्याकडे वळवताना आमची ही हळूच म्हणाली, "अहो, माझ्याच हातचं काही बाधत नसेल ना तुम्हाला?" इतकी वर्षं ज्या हातानं वाढलं, त्याच हातावर संशय यावा, आणि तोही तिचा तिलाच, हे मला गांधींपेक्षा जास्त टोचलं.

पुढच्या खेपेला मी तिला बरोबर नेलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं. कातडीत मास्ट नावाच्या पेशी असतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ साली दिलं. या पेशी हिस्टामिन सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि गांध उठते. जुनाट पित्तात बहुधा शरीराचीच प्रतिकारशक्ती या पेशींना डिवचते. म्हणून थायरॉइडही तपासतात. खाणं हे कारण क्वचितच निघतं. रात्री शरीरातलं कॉर्टिसोल उतरलेलं असतं, त्यात अंथरुणाची ऊब आणि अंगाखालचा दाब.

'माधवनिदान' या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथात शीतपित्ताच्या सुजेला गांधीलमाशीच्या दंशाची उपमा आहे. पाहणाऱ्यानं नीट पाहिलं होतं!

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. रक्कम कुणाच्या नावची ते कळेना, की ती तिथं ठेवायची. पण म्हणून दिवसाचा हिशेब अडत नाही, आणि समोर दिसेल त्याच्या नावे ती टाकूनही चालत नाही. पित्तालाही हिशेब आहे. रोज गांधींना ० ते ३ गुण, खाजेला ० ते ३, आठवड्याची कमाल बेरीज ४२. माझी पहिली बेरीज ३१ होती, गेल्या आठवड्यात ६.

हा फरक औषधाचा. झोप न आणणारी नव्या पिढीची गोळी खाज सुटल्यावर नव्हे, तर रोज घ्यायची. गरज पडल्यास डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवतात. त्यानंही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन असतं. गुंगीच्या जुन्या गोळ्यांनी आमच्या वयात पडण्याची भीती, आणि स्टेरॉइड दीर्घकाळ घेण्याची चीज नव्हे. काहींचं पित्त अंगदुखीच्या गोळ्यांनी बळावतं. जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडला, तर मात्र आमसूल शोधत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं.

अनेकांचं हे दुखणं काही वर्षांत आपोआप ओसरतं. माझं कधी ओसरेल, ते सांगता येत नाही. परवा घरी भरली वांगी झाली. रात्री दोन गांधी आल्या. वहीत टिपल्या, पण वांग्याच्या नावे नाही.